बांधीत बाई, सातबाऱ्यावर भाऊ
पवनी तालुक्यातील कोंढा हे भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील गाव. या पट्ट्यात पऱ्हे खणण्यापासून रोवणी, निंदण आणि कापणीपर्यंत धानाची शेती बायकांच्या हातांवर चालते. सातबाऱ्यावर मात्र बहुधा पुरुषाचे नाव असते. कायदा यात मागे नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून सुटल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. मधली गळती हक्कसोडपत्रात आहे. वडील गेल्यावर वारस म्हणून बहिणींची नावे फेरफारात चढतात, आणि पुढे त्यांच्याच सहीने उतरतात. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती असते; ती भीती खोटी नाही, म्हणूनच तिच्या सहीला स्वेच्छा म्हणणे अन्यायाचे आहे. परिणाम रोकडा आहे: आधारभूत केंद्रावर धान विकायला, पीककर्जाला, किसान सन्मान निधीला सातबारा लागतो. सासरच्या जमिनीसाठी एक वाट आहे: पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना राज्यात १९९२ पासून आहे. त्यासाठी पतीला अर्ज करावा लागतो.