शून्य टक्के वाचताना

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका डेंटिस्ट सहकाऱ्याने गालफडाच्या कॅन्सरचा बायॉप्सी रिपोर्ट पुढे ठेवला. तळाशी ओळ होती : ‘पी-५३ : ० टक्के.’ रुग्णाच्या मुलाने ती वाचून विचारले होते, ‘‘डॉक्टर, शून्य म्हणजे चांगलंच ना?’’ आमच्या सहकाऱ्याला उत्तर सुचले नव्हते. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रत्येक क्लिनिकमध्ये ते सुचायला हवे.

पी-५३ हे गाठीला आवर घालणारे प्रथिन. निरोगी पेशीत ते तयार होते आणि काही मिनिटांत मोडलेही जाते. म्हणून तपासणीच्या स्लाइडवर त्याचा रंग जेमतेम, अस्तराच्या तळच्या थरात विखुरलेला दिसतो; रिपोर्टमधले टक्के म्हणजे रंग चढलेल्या पेशींचे प्रमाण. जनुकातले एखादे अक्षर बदलले की बिघडलेले प्रथिन लवकर मोडत नाही, केंद्रकात साचते आणि स्लाइड गडद तपकिरी होते. पण जनुकाचा संदेश मध्येच तुटला तर प्रथिनच बनत नाही. मग स्लाइड कोरी! ऐंशी टक्के आणि शून्य टक्के, दोन्हींमागे जनुकाचाच बिघाड असू शकतो. डोके-मानेच्या कॅन्सरच्या ४२० रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासात प्रथिनाचे काम मोडून टाकणारे बदल असलेले रुग्ण कमी जगले. तिथे जनुक वाचले होते, रंग मोजला नव्हता. आपल्याकडच्या हिरडी-गालफडाच्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कॅन्सर संशोधन केंद्राचा वाटा होता, आणि वारंवार बिघडणाऱ्या जनुकांत पी-५३ घडवणारे टीपी-५३ होतेच.

तरीही नुसत्या टक्क्यांवर उपचार ठरवू नयेत, असे आम्हाला ठामपणे वाटते. गाठ किती मिलिमीटर खोल गेली, हे रिपोर्टमध्ये आधी हवे; मानेच्या शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावरून घेता येतो. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातच मानेतल्या लसिकाग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. रुग्णाचे आयुष्य वाढवणारा निर्णय तिथे आहे.

आता डोंबिवलीच्या त्या रुग्णाच्या स्लाइडकडे येतो. आम्ही ती मागवून पाहिली. गाठीभोवतीच्या लिम्फोसाइटमध्ये आणि कडेच्या निरोगी तळथरातही, जिथे थोडा रंग दिसायलाच हवा, रंगाचा मागमूस नव्हता. म्हणजे तपासणीच फसली होती. चौकशी केली तेव्हा कळले, तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनच्या बाटलीत रात्रभर पडून होता. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीवर तपासणी पुन्हा लावली आहे. तोवर त्या मुलाला ‘शून्य’ हा शब्द विसरायला सांगितले आहे.