हाडाच्या गोंदाची बातमी खरी. पण त्या भरवशावर उपचार लांबवू नका

‘मोडलेलं हाड तीन मिनिटांत चिकटलं!’ सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधून ही बातमी आली आणि तिचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले. ते पाहून ‘मग प्लेट-रॉड कशाला टाकायचा, थोडं थांबू’ असं कुणाला वाटलं, तर ते महागात पडू शकतं.

बातमी खोटी नाही. हांगझोऊ शहरात झेजियांग विद्यापीठाशी जोडलेलं सर रन रन शॉ रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांच्या पथकानं ‘बोन-०२’ नावाचा गोंद तयार केला. कल्पना सुचली समुद्रातल्या कालवांवरून. लाटांचा मारा खाऊनही कालवं पुलाच्या खांबाला पाण्याखाली घट्ट चिकटून राहतात. तसाच हा गोंद रक्तानं ओल्या झालेल्या हाडाचे तुकडे दोन-तीन मिनिटांत धरतो आणि साधारण सहा महिन्यांत शरीरात विरघळतो, असं संशोधक सांगतात. म्हणजे प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन नको. दीडशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाल्याचंही त्यांनी सांगितलं आहे.

पण चिकटणं वेगळं आणि जुळणं वेगळं. आंब्याचं कलम बांधलं की पट्टी नुसती धरून ठेवते, जीव धरायचं काम झाडाचंच असतं. हाडाचंही तसंच. मनगट जुळायला साधारण दीड महिना लागतो, नडगीला तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त. गोंद असो की प्लेट, हा वेळ चुकत नाही.

दुसरं म्हणजे दीडशे रुग्ण हा आकडा लहान आहे. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडात गोंद किती टिकतो, जखमेत पू झाला तर काय होतं, हे जास्त रुग्णांवर आणि जास्त दिवस पाहावं लागतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडाला घट्ट धरणारी खास काच बनवली होती. तिचा कानातल्या बारीक हाडांसाठी वापर सुरू व्हायला १९८५ उजाडलं. भारतातही शरीरात बसवायच्या अशा वस्तूला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागतेच.

तोवर घरच्यांनी करायचं ते साधं आहे. हाड मोडलं की हात-पाय हलू न देता फळीचा आधार द्यायचा आणि त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडे न्यायचं. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर तासभरही दवडायचा नाही. जंतू आत गेले तर पाय गमवायची पाळी येते. चोळून, ओढून बसवणाऱ्याच्या हाती ते देऊ नये. तंबाखू-बिडीनं हाड जुळायला उशीर लागतो, म्हणून तीही बंद ठेवावी. आणि कुणी ‘चिनी गोंद लावतो’ म्हणाला, तर आधी परवानगीचा कागद मागावा.