फॉन्ट बदलायचं काम मॅक्रोवर सोपवा

गणपतीच्या आधीपासूनच आमच्याकडे दिवाळी अंकांचा मजकूर येऊ लागतो. कुणाचा श्रीलिपीत, कुणाचा कृतिदेवमध्ये, तर कुणी मोबाइलवर थेट युनिकोडमध्ये टाइप केलेला. मग संपादकांचा फोन : ‘ताई, सगळं एका फॉन्टमध्ये करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.’

कृतिदेवमधल्या मजकुराला मंगल फॉन्ट लावून बघा. ‘काम’ हा शब्द डी, के, ई अशी इंग्रजी अक्षरं होऊन समोर येतो. जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते, त्याचा हा परिणाम. शिवाय कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर; रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे अक्षरं बदलायची आणि त्यांच्या जागाही. एवढ्या कटकटीपेक्षा पुन्हा टाइप केलेलं बरं, म्हणून आजही कितीतरी मजकूर नव्याने टाइप होतो आणि नव्याने चुकतो.

हे काम वर्डमधल्या मॅक्रोचं, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं आहे. मात्र तो जाणकाराने लिहायला हवा. आधी फॉन्ट तपासून कृतिदेवमधलाच मजकूर त्याने उचलावा, नाहीतर टाइम्स न्यू रोमनमधल्या इंग्रजी नावांचीही भेळ होते. ‘फॉन्ट डॉट नेम’ एवढंच लिहून भागत नाही. त्याने इंग्रजीचा फॉन्ट बदलतो, मराठी जागची हलत नाही. देवनागरी वर्डच्या लेखी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, तिच्यासाठी ‘नेमबीआय’ची वेगळी ओळ लागते. एवढं करूनही ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झालाय का, हे माणसानेच पाहायचं.

मॅक्रोतून व्हायरस येतात, ही भीती खोटी नाही. १९९९चा ‘मेलिसा’ वर्डच्या फाइलमधूनच पसरला होता आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२पासून आपणहून अडवायला सुरुवात केली. पण म्हणून मॅक्रोचं नावच काढायचं नाही, हे काही बरोबर नाही. अनोळखी फाइलमधला मॅक्रो चालवू नये. आपल्या माणसाकडून लिहून घेतलेला जरूर चालवावा.

तेव्हा लेखकांनी युनिकोडमध्येच लिहावं. प्रकाशकांनी जुन्या फाइलींसाठी एकदाच पैसे मोजून चांगला मॅक्रो करून घ्यावा. आणि त्यातून वाचलेले दिवस छपाईची तारीख अलीकडे आणण्यात घालवू नका, प्रूफ वाचणाऱ्याला द्या. चुकांची खरी गाठ तिथेच पडते.