लोंबत्या पापण्यांचा श्वान व आपली दृष्टी

ज्या वस्तूकडे आपण नित्य पाहतो, ती आपण खरोखर पाहतोच असे नाही. हे कटु सत्य मला माझ्या घरच्या बॅसेट जातीच्या कुत्र्याने शिकविले.

बॅसेट हाउंड, ब्लडहाउंड व सेंट बर्नार्ड या श्वानांच्या खालच्या पापण्या उपजतच सैल असतात. पापणीचे आतील तांबूस अस्तर उघडे राहिल्याने डोळे सदा लालसर दिसतात. झोपेतून उठल्यावर, अथवा आपल्या वाशीमकडील चैत्र-वैशाखाच्या धुळीत हिंडून आल्यावर ती लाली थोडी वाढते व विश्रांतीने ओसरते. दोन्ही डोळे सारखे, पांढरा भाग स्वच्छ, पाणी निर्मळ व प्राणी आनंदी असेल, तर भयाचे कारण नाही.

परंतु एकच डोळा लाल होणे, पांढरा भाग रक्ताळणे, पिवळे-हिरवे चिपड येणे, उजेडात डोळा मिटून घेणे, पंजाने तो चोळणे, बुबुळावर निळसर धूसरता येणे, किंवा आतील कोपऱ्यात तांबडी गाठ दिसणे, ही रोगाची लक्षणे होत. यांतील एकही दिसल्यास त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात जावे.

मी गेलो नाही. ‘याचे डोळे लालच असतात’ असे म्हणून चार दिवस दवडले. वर घरात उरलेले माणसाचे औषध त्याच्या डोळ्यात घातले. त्या औषधात स्टेरॉइड होते. बुबुळावर जखम असता असले औषध ती भरू देत नाही, उलट चिघळवते, हे मला पशुवैद्यांकडून कळले तेव्हा उशीर झाला होता. डोळ्यात फूल पडले ते कायमचे. त्या मुक्या जिवाने मात्र माझा हात चाटणे सोडले नाही.

येथे दुसराही विचार मनात येतो. आल्प्स पर्वतातील सुमारे ८,१०० फूट उंचीवरील सेंट बर्नार्ड मठात १८०० ते १८१४ या काळात होऊन गेलेल्या ‘बॅरी’ नामक श्वानास चाळीसांहून अधिक मनुष्यांचे प्राण वाचविल्याचे श्रेय दिले जाते. तो आजच्या सेंट बर्नार्डहून पुष्कळ हलक्या बांध्याचा होता. पुढे मनुष्याच्या हौसेने ही जात अवजड झाली. ज्या सैल पापणीत धूळ साचते, ती आपणांस ‘गोजिरवाणी’ वाटावी, हे आपल्या दयाबुद्धीस शोभत नाही. विदर्भाच्या उन्हात असा प्राणी हौसेखातर आणण्यापेक्षा दारचे गावठी पिल्लू सांभाळणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नीतिसूत्रकाराने नीतिमानाच्या लक्षणांत पाळीव पशूची आस्था गणली आहे. विद्यार्थिमित्रांनो, ज्यांच्या घरी असा श्वान आहे त्यांनी रोज सकाळी, उकळून निवविलेल्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने त्याचे डोळे पुसावे व पुसताना नीट पाहावे. कालचा डोळा ज्याने पाहिला आहे, त्यालाच आजचा बदल दिसतो.