पट खुला, वाट बंद!

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली, तेव्हा तिचे वय अवघे 19 वर्षांचे होते. अंतिम सामन्यात तिच्यासमोर होत्या 38 वर्षांच्या कोनेरू हम्पी. हम्पी 2002 साली ग्रँडमास्टर झाल्या आणि दिव्याचा जन्म 2005 चा. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत निकाल लागला आणि पंधरावे मानांकन असलेली ही मुलगी विजेती ठरली. त्या एका विजयाने ती थेट ग्रँडमास्टरही झाली.

विदर्भाच्या या लेकीचे कौतुक आम्हालाही आहे. राज्य शासनाने तिला 3 कोटी रुपये दिले. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई तिच्या घरी जाऊन अभिनंदन करून आले. त्यांचे वडील दादासाहेब गवई आणि दिव्याचे आजोबा डॉ. के. जी. देशमुख यांचा जुना स्नेह होता. हे सारे योग्यच झाले. परंतु अशा प्रत्येक विजयानंतर काही मंडळी एक जुने पालुपद आळवू लागतात. 'बघा, ही खरी गुणवत्ता! पटावर जात नाही, आरक्षण नाही!' त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पटावर जात नाही, हे खरेच आहे. वयही नाही. खुल्या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होतात. हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही आणि प्रत्येक फेरीत समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. त्यामुळे तेरा वर्षांच्या पोरासमोर पन्नाशीचा गृहस्थ बसू शकतो. प्यादे दोघांचेही एकाच नियमाने चालते. पण त्या पटापर्यंत जाणारी वाट? तिथे प्रवेश फी आहे, गाडीभाडे आहे, मुक्कामाचा खर्च आहे, प्रशिक्षकाचे पैसे आहेत आणि मुलासोबत जाणाऱ्या पालकाची बुडणारी मजुरीही आहे. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. त्यांनी लेकीसाठी कष्ट घेतले, याचा आम्हाला आदर आहे. मात्र रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने तेवढीच तळमळ ठेवली, तरी पोरीला बातुमीला पाठविण्याची ऐपत कुठून आणायची?

इतिहासही हेच सांगतो. 1976 साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर 13 व्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. एक लहान मुलगी मोठ्या पुरुषांसमोर बसते म्हणून गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्वाळा द्यावा लागला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. रोहिणीताईंची गुणवत्ता निर्विवाद होती, तरीही दार उघडायला न्यायालय लागले. त्यांचे वडील नीळकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक होते, म्हणून ते घर लढू शकले. ज्यांच्या घरात वर्तमानपत्र विकत घ्यायलाही पैसे नाहीत, त्यांच्या मुलीसाठी कोण लढणार?

आणि संधी मिळाली की काय घडते, हे चेन्नईच्या काझिमाने दाखविले. रिक्षाचालकाची ही 17 वर्षांची मुलगी. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तिने तीन सुवर्णपदके जिंकली. तामिळनाडू सरकारने तिला 1 कोटी रुपये दिले. कॅरम हा तर आपल्या वस्त्यांचा खेळ! समाजमंदिराच्या ओट्यावर दिव्याखाली रात्र रात्र रंगणाऱ्या त्या डावांतून विश्वविजेते का निघत नाहीत? बोटांत कसब नाही म्हणून नव्हे. ओट्यावरून स्पर्धेत नेणारे कोणी नाही म्हणून!

आता यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. नागपूरने दिव्याआधीच रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टर दिले. यवतमाळ तिथून अवघ्या दीडशे किलोमीटरवर आहे. पण झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून, दिग्रसच्या तांड्यावरून किंवा उमरखेडच्या बौद्धवाड्यातून हे अंतर दीडशे किलोमीटरचे नाही, ते पिढ्यांचे आहे. कापूस वेचणीला शाळा सोडून शेतात जाणाऱ्या मुलाची बुद्धी कोणी मोजलीच नाही, तर ती नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही, भाकरीचाही आहे. ज्याला स्पर्धेची पायरीच चढता आली नाही, त्याला त्या 5 टक्क्यांचा काय उपयोग?

यासाठी शासनाकडे मागण्याजोगे बरेच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्यातून वस्तीत बुद्धिबळाचे पट, घड्याळे, कॅरम बोर्ड का येऊ नयेत? ग्रामसभेत उभे राहून हे विचारलेच पाहिजे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत प्रशिक्षक का नसावा? जिल्हास्तरीय स्पर्धेला जाणाऱ्या गरीब मुलांची फी व प्रवासखर्च का मिळू नये?

मात्र सारेच सरकारवर ढकलून चालणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर हजारो रुपये उधळणाऱ्या मंडळांनी आपल्या मनाला विचारावे की, त्यातल्या एका रात्रीच्या पैशात किती पट आले असते? पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, परंतु मोबाइलवर रमीच्या नादात कर्जबाजारी झालेली आपली पोरे आपणच सावरायची आहेत. त्याच मोबाइलवर बुद्धिबळ फुकट शिकता येते, हे त्यांना कोण सांगणार?

प्रत्येक बुद्धविहारात रविवारी दोन तास पट मांडा. नोकरदार बांधवांनी एकेका मुलाच्या स्पर्धेचा खर्च उचलावा. पोरांना फक्त त्यांच्या वयाच्या मुलांशी नव्हे, मोठ्यांशीही खेळू द्या. हरतील, पुन्हा बसतील. आपल्या लेकरांना कोणाची दया नको आहे. समोरच्या खुर्चीत कोण बसले आहे, याची भीती त्यांना वाटणार नाही. त्यांना हवी आहे ती फक्त त्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट. ती वाट बांधण्याचे काम आपले आहे!