पायलट होतील हो, पण पाना कोण धरणार?

अमरावतीत आता पायलट तयार होणार, ही बातमी ऐकली नाही असा अमरावतीकर सापडणं कठीण आहे. २०२४ साली एअर इंडियाने बेलोऱ्याच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था काढायचं जाहीर केलं. वर्षाला १८० पायलट, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीबरोबर ३० वर्षांचा करार. पाठोपाठ ३४ विमानांची ऑर्डर: पायपरची एका इंजिनाची ३१ आणि डायमंडची दोन इंजिनांची ३. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई-अमरावती विमानही सुरू झालं. आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर बारावीच्या सगळ्या पोरापोरींना टोप्या घालून झाल्या आहेत. आनंद आहे.

पण या सगळ्या आनंदात मला एक प्रश्न कुणीच विचारलेला दिसला नाही. ही ३४ विमानं रोज सकाळी उडण्यालायक आहेत हे सांगणार कोण? त्यांचे अल्टरनेटर, बॅटऱ्या, इंधनाच्या नळ्या, फिल्टर, पंप बघणार कोण? आणि तो माणूस अमरावती-अकोल्याचा का असू नये?

थोडा हिशोब करू. कमर्शियल पायलटच्या लायसनला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. १८० गुणिले २०० म्हणजे ३६,००० तास. काही तास सिम्युलेटरवर जातील, सोडून द्या. ढोबळ हिशोब आहे. ३४ विमानांत वाटले तर प्रत्येकी वर्षाला हजारेक तास. दर शंभर तासांनी मोठी तपासणी धरली तर एका विमानाच्या वर्षाला दहा, म्हणजे सगळ्यांच्या मिळून साडेतीनशेच्या आसपास. थोडक्यात काय, तर जवळजवळ रोज एक विमान हँगरमध्ये उघडं पडलेलं असणार! रोजच्या किरकोळ तक्रारी वेगळ्याच. पायलट येतील नि जातील. हे काम ३० वर्षं रोज चालणार आहे.

आता काम काय असतं ते बघा, कारण "मेंटेनन्स" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फडकं मारणारा पोऱ्या येतो.

सेसना १५२ सारख्या जुन्या ट्रेनर विमानात ठिणगी मॅग्नेटो देतो. इंजिन फिरलं की त्यातलं चुंबक फिरतं आणि प्लगला वीज मिळते. बॅटरीचा संबंध नाही. ज्यांच्या घरी जुनी लुना होती त्यांना हे सांगायला नको. बॅटरी नव्हतीच, तरी गाडी चालायची. अशा विमानात अल्टरनेटर मेला तर रेडिओ नि दिवे जातील, पण इंजिन फिरत राहील. वर प्रत्येक इंजिनाला मॅग्नेटो दोन. साधी, जुनाट आणि भक्कम रचना.

नवी विमानं वेगळी आहेत. बेलोऱ्यासाठी मागवलेली विमानं जेट ए-१ वर, म्हणजे मोठ्या विमानांच्याच इंधनावर चालणारी आहेत. पायपरच्या या इंधनावरच्या आर्चर डीएक्समध्ये कॉन्टिनेन्टलचं सीडी-१५५ हे टर्बो डिझेल इंजिन असतं. त्याचं मूळ मर्सिडीजच्या कारच्या इंजिनात आहे. कॉमन रेल, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आणि सगळ्यावर एक संगणक. कधी किती डिझेल फवारायचं हे तो संगणक ठरवतो. फायदे भरपूर: जपायला मॅग्नेटो नाही, इंधन कमी लागतं, आणि पिस्टन विमानांना लागणाऱ्या अ‍ॅव्हगॅसची कटकट नाही. (हे अ‍ॅव्हगॅस आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो, इंडियन ऑइलचं देशी अ‍ॅव्हगॅस २०२२ मध्ये आलं.) पण एक गोष्ट बदलली. संगणकाला वीज लागते. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर आता दिव्यांपुरते उरले नाहीत, ते इंजिनाचाच भाग झाले.

हे पुस्तकी वाटत असेल तर जर्मनीतल्या श्पायरची गोष्ट ऐका. ४ मार्च २००७. डायमंडचं डीए-४२, दोन थीलर्ट डिझेल इंजिनं. हाच थीलर्टचा कारभार पुढे २०१३ मध्ये कॉन्टिनेन्टलच्या छत्राखाली आला, म्हणजे आपल्या सीडी-१५५ चंच खानदान. बॅटरी बसलेली होती, म्हणून बाहेरून वीज जोडून दोन्ही इंजिनं चालू केली. मॅन्युअलप्रमाणे दुसरं इंजिन विमानाच्या स्वतःच्या बॅटरीवर सुरू व्हायला हवं होतं. ते जमलं नसतं तर बॅटरी मेली आहे हे तिथेच कळलं असतं. विमान उडालं, पायलटने चाकं आत घ्यायचं बटण दाबलं, मोटरने एकदम करंट खेचला, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं आणि दोन्ही इंजिनांचे संगणक रीस्टार्ट झाले. दोन्ही इंजिनं बंद! जीव कुणाचा गेला नाही, पण विमान जमिनीवर आपटलं.

आता मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हर क्षणभर रीस्टार्ट झाला तर आमच्याकडे फार तर एक लांबलचक ईमेल येतो. इथे खाली शेतं होती. इंजिन दोन असली तरी दोघांचा जीव एकाच कच्च्या बॅटरीत अडकला होता. यानंतर संगणकांसाठी वेगळ्या राखीव बॅटऱ्या सक्तीच्या झाल्या. पण राखीव बॅटरी दिली म्हणजे तिचीही तपासणी आली, तिचीही मुदत आली, आणि ते करणारा माणूस आला. तो सुटत नाही.

इंधनाचंही तेच. जेट ए-१ मध्ये पाणी मुरून राहतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी जमतं, म्हणून रोज पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून नमुना काढून बघायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा डांबरावर उभ्या विमानातली बॅटरी आतून किती भाजत असेल विचार करा. आणि चार्जिंगच्या कितीतरी तक्रारींत अल्टरनेटर धडधाकट असतो. दोष एखाद्या सैल टर्मिनलचा, गंजलेल्या अर्थिंगचा किंवा झिजलेल्या ब्रशचा निघतो. तो शोधायला डोकं लागतं, हात लागतो आणि धीर लागतो.

हे तिन्ही वऱ्हाडात नाहीत असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? अकोल्यात ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन बघा. मीटर लावायच्या आधी आवाज ऐकून सांगतो, "भाऊ, अल्टरनेटर कायले बदलता, पट्टा ढिला हाये." ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनमधली हवा काढणं, फिल्टरखालचं पाणी सोडणं, नोझल तपासणं, मोटर रिवाइंड करणं, हे इथल्या पोरांना वयाच्या पंधराव्या वर्षी येतं. या पोरांना आपण काय म्हणतो? "शिकला नाही म्हणून गॅरेजात लागला."

पण लगेच "आपला जुगाड जगात भारी" म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत. माझं भांडण त्यांच्याशीही आहे. हँगरमध्ये जुगाड चालत नाही. तिथे मिळताजुळता पट्टा चालत नाही, त्याच नंबरचाच लागतो. नट अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने आवळायचा. केलेलं प्रत्येक काम लिहायचं, आणि शेवटी लायसनवाला इंजिनिअर सही करतो तेव्हाच विमान उडतं. ती सही म्हणजे, काही झालं तर मला विचारा. आपल्या गॅरेजमधल्या पोराकडे हात आहे, ही सही नाही. आणि सही मिळवायचा रस्ता त्याला कुणी दाखवलेला नाही.

रस्ता आहे. डीजीसीएचं एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन असतं. पिस्टन विमानांसाठी बी१.२ आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी बी२ अशा कॅटेगऱ्या. बारावी सायन्सनंतर मान्यताप्राप्त संस्थेत शिकायचं, पेपर द्यायचे आणि खऱ्या विमानावर अनुभव घ्यायचा. मान्यताप्राप्त संस्था शहरात असली तरी बहुतेकांचं घोडं या तिसऱ्या अटीवर अडतं, कारण विमान आणायचं कुठून? आता तर विमानंच दारात येणार आहेत!

"कंपनी आपली माणसं घेऊन येईल ना," असं एका मित्राने मला ऐकवलं. येईल, नक्की येईल. सुरुवातीला आणायलाच हवीत. पण ३० वर्षं? जागा सरकारी कंपनीची आहे, तर पहिल्या पाच वर्षांनंतर हँगरमधली किती माणसं जिल्ह्यातली असतील, हे विचारायचा हक्क आपला आहे. दुसरा म्हणाला, "मेंटेनन्सची चूक झालीच तर कंपनीला महागात पडते, ते बघतील." बारामतीजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत एकाच संस्थेची दोन ट्रेनर विमानं कोसळली आणि डीजीसीएने तिचं प्रशिक्षण थांबवलं. कारणांचा खल तज्ज्ञांनी करावा. ट्रेनर विमान म्हणजे खेळणं नव्हे, आणि "कुणीतरी बघेल" ही व्यवस्था नव्हे, एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही.

अकोल्याचं तर विचारूच नका. शिवणीच्या धावपट्टीचा विस्तार कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडकला आणि सगळी ताकद त्या भांडणात गेली. व्हावी धावपट्टी, माझा विरोध नाही. पण लायसनच्या पेपरांची तयारी करून घेणारा वर्ग काढायला धावपट्टी लागत नाही. एक शेड, दोन जुनी इंजिनं आणि शिकवणारी माणसं लागतात. अकोल्यात शिकून प्रॅक्टिकलला शंभरेक किलोमीटरवर बेलोऱ्याला जाता येईल. रोज पुण्यात ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे अंतर वाटूच नये.

म्हणून मागणी साधी आहे. पायलटच्या संस्थेबरोबर मेंटेनन्सची मान्यताप्राप्त संस्थाही बेलोऱ्यात हवी. अमरावती-अकोल्याच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी हँगरमध्ये अ‍ॅप्रेंटिसच्या जागा लिहून घ्यायला हव्यात. तुमच्यापैकी जे वऱ्हाडातले आहेत त्यांनी गावी फोन केला की आमदारांच्या ओळखीच्या त्या काकांना एवढं जरूर विचारा. आणि पायलटच्या कोर्सची लाखांतली फी ऐकून कुणी गप्प बसला असेल, तर त्याला बी१.२ आणि बी२ ही दोन नावं सांगा. त्याच्या पोराला डिझेल पंप खोलता येत असेल तर आधी सांगा.

पटत नसेल तर या भांडायला. चहा माझ्याकडून.