अर्धा किलो तुरीचे वजन

अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्ये ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्थितीवरून वर्षाच्या पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही. तरी विदर्भ, खान्देश आणि मराठवाड्यातील अनेक शेतकरी ते कान देऊन ऐकतात. या भाकिताची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. एखादे पीक ‘चांगले’, दुसरे ‘साधारण’, तिसरे ‘मोघम’. पुढे काही महिन्यांनी केंद्र सरकारचा पहिला अग्रिम अंदाज येतो. त्यात देशाचे तूर उत्पादन लाख टनांत आणि दशांश चिन्हापुढे दोन अंक देऊन सांगितलेले असते. ज्याला आधार नाही ते भाकीत मोघम बोलते आणि ज्याला आधार आहे तो अंदाज आपण किती चुकू शकतो, हे सांगतच नाही. या न सांगण्याची किंमत मोजावी लागते ती शेतकऱ्याला, आणि ताटात वरण वाढणाऱ्या घरालाही.

पिकाचा अंदाज म्हणजे मुळात साधा गुणाकार. पीक किती हेक्टरवर आहे आणि हेक्टरी किती उतरेल, या दोन आकड्यांचा. पहिला आकडा पीक पाहणीतून येतो. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवतो आणि ती सातबाऱ्यावर चढते. दुसरा आकडा अवघड. हंगामाच्या सुरुवातीला तो पाऊस, पेरणीची वेळ आणि मागील वर्षांचा अनुभव यांवरून बांधला जातो. पीक काढणीला आले की त्याची जागा प्रत्यक्ष मोजणी घेते. म्हणूनच वर्षभरात हे अंदाज टप्प्याटप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्यावर बदलतात. हे बदलणे हा दोष नव्हे. दोष आहे तो प्रत्येक टप्प्याचा आकडा तितक्याच ठामपणे सांगण्यात.

प्रत्यक्ष मोजणीला पीक कापणी प्रयोग म्हणतात. गाव, शेत आणि शेतातील जागा सोडतीने ठरते. अनेक पिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा दोरीने आखला जातो. तेवढेच पीक कापून, मळून, वाळवून तोलले जाते. हा तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. हेक्टरी नऊ क्विंटल तूर होणार असेल, तर या तुकड्यात साडेचार किलो दाणे निघायला हवेत. वजनात अर्ध्या किलोची गफलत झाली, की कागदावर हेक्टरी एक क्विंटलचा फरक पडतो. ही गफलत सर्वत्र एकाच दिशेने झाली तर काय होईल? बारा लाख हेक्टर तुरीवर ती एक लाख वीस हजार टनांची होते.

या प्रयोगामागे एका मराठी शास्त्रज्ञाची मोठी कामगिरी आहे. ब्रिटिश काळात पिकाचा अंदाज आण्यांत केला जात असे. गावकामगाराने शिवारावर नजर टाकायची आणि सोळा आणे पिकाच्या तुलनेत यंदाचे किती आणे, हे लिहायचे. आणेवारी हा शब्द त्यातूनच रुळला. आजची पैसेवारी ही तिचीच वारस. नजरेचा अदमास सोडून सोडतीने निवडलेल्या शेतातले पीक तोलण्याची पद्धत देशभर रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. त्याच काळात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी करत होते. पद्धतीच्या तत्त्वावर दोघांचे एकमत होते. वाद झाला तो तुकड्याच्या आकारावर. महालनोबिस यांना लहान तुकडे पुरेसे वाटत, कारण तेवढ्याच खर्चात ते अधिक संख्येने घेता येतात. लहान तुकड्यांतून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांतून दाखवले.

कारण सोपे आहे. दोरीवर येणारे झाड आत धरायचे की बाहेर, हा निर्णय माणूस घेतो आणि त्याचा हात झाड आत घेण्याकडे झुकतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यात एका चौरस मीटरला चार मीटर कड असते. दहा बाय पाचच्या तुकड्यात ती जेमतेम साठ सेंटिमीटर. कड जितकी जास्त, तितका हाताच्या कलाला वाव जास्त.

त्या वादातला धडा आजही जुना झालेला नाही. अंदाजातल्या चुका दोन जातीच्या असतात. एक योगायोगाची. सोडतीत निघालेले शेत सरासरीपेक्षा भारी किंवा हलके असू शकते. प्रयोगांची संख्या वाढवली की या चुका एकमेकींना छेद देतात आणि सरासरी सुधारते. दुसरी चूक कलाची. हात, काटा किंवा हितसंबंध एकाच बाजूला झुकलेले असतील, तर हजार प्रयोग केले तरी ती कमी होत नाही. उलट मोठ्या संख्येमुळे ती अधिक विश्वासार्ह भासते.

आता या तुकड्याभोवती कोण उभे असते ते पाहू. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती मंडळातील उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा किती घटले, यावर. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातील विमा बंद केला आणि भरपाईसाठी पीक कापणी प्रयोगाचे उत्पादन हाच आधार ठेवला. उंबरठा नऊ क्विंटलचा आणि प्रत्यक्ष उत्पादन आठ क्विंटल असेल, तर घट नवव्या हिश्शाची. विमा संरक्षण हेक्टरी ४५ हजार रुपये धरले, तर भरपाई पाच हजार. तुकड्यात चार किलोऐवजी साडेचार किलो नोंदले गेले, तर भरपाई शून्य. एका महसूल मंडळात असे दहा-बारा प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर मंडळातील प्रत्येक विमाधारकाचा हिशेब ठरतो. उत्पादन जास्त दिसावे यात विमा कंपनीचे हित, कमी दिसावे यात शेतकऱ्याचे. मध्ये उभा असतो अनेक गावांचा भार वाहणारा कृषी सहायक किंवा तलाठी. शास्त्राला हवा असलेला तटस्थ हात सापडायला ही जागा सर्वांत अवघड.

या अडचणीवर उपाय म्हणून आता उपग्रहांकडे बोट दाखवले जाते आणि त्यात तथ्यही आहे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून पिकाचा जोम आकाशातून मोजता येतो. खरिपात ढग आड आले तर ढगांतून पार जाणाऱ्या रडार लहरी उपयोगी पडतात. अंतराळ, हवामान आणि शेतातील निरीक्षणे एकत्र आणणारा ‘फसल’ हा कार्यक्रम देशात आहे. २०१२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राला महालनोबिस यांचेच नाव दिले आहे. उपग्रहाला हितसंबंध नसतात आणि त्याची नजर एकाच दिवशी सगळ्या तालुक्यांवरून फिरते, हे त्याचे बळ.

मात्र तूर हे पीक उपग्रहाची परीक्षा पाहणारे आहे. मराठवाडा आणि विदर्भात ती बहुधा सोयाबीन किंवा कपाशीच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून उभी असते. सोयाबीन निघेपर्यंत आकाशातून दोन्हींचा हिरवा रंग एकमेकांत मिसळलेला. पुढे तूर एकटी उरते, तरी तिचा हिरवेपणा म्हणजे दाणे नव्हेत. वांझ रोग झालेले झाड हिरवेगार राहते आणि त्याला फूल-शेंग धरत नाही. फुलोऱ्यात ढगाळ हवामान आणि धुके आले की फुले गळतात. शेंगा पोखरणारी अळी पडली की शेंग दिसते, दाणा नसतो. या गोष्टी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आधी कळतात. म्हणून उपग्रहाने प्रयोग कुठे घ्यायचे ते सांगावे, संशयास्पद आकड्यांवर बोट ठेवावे. तराजूची जागा त्याने घेऊ नये.

अंदाज आणि निर्णय यांची फारकत झाली की काय होते, हे तुरीनेच २०१६-१७ मध्ये दाखवले. लागोपाठ दोन दुष्काळांनंतर २०१५-१६ मध्ये देशात सुमारे साडेपंचवीस लाख टन तूर झाली आणि डाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांवर गेली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळींच्या दीर्घकालीन आयातीचा करार झाला. त्याच पावसाळ्यात शेतकऱ्यांनी तुरीची पेरणी वाढवली आणि पाऊसही बरसला. पहिला अग्रिम अंदाज सुमारे ४३ लाख टनांचा आला. अंतिम आकडा ४९ लाखांच्या जवळ गेला. म्हणजे पहिल्या आणि अंतिम आकड्यातील फरक जवळपास सहा लाख टन, आणि त्या वर्षीची तुरीची आयात सात लाख टनांच्या आसपास. महाराष्ट्रात उत्पादन साडेचार लाख टनांवरून वीस लाखांच्या घरात गेले. बोनससह हमीभाव ५,०५० रुपये होता, बाजारभाव त्याच्या बराच खाली. लातूर, अकोल्याच्या बाजारांत पोत्यांच्या थप्प्या लागल्या आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. तूर, मूग, उडदाच्या निर्यातीवरची बंदी उठायला सप्टेंबर २०१७ उजाडला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पहिल्याच अंदाजाने मोठ्या वाढीची सूचना दिली होती. कमी पडली ती दोन ठिकाणी. आकडा वर किती जाऊ शकतो हे त्यासोबत सांगितले गेले नाही आणि आयात-निर्यातीचे निर्णय त्या आकड्याशी बांधलेले नव्हते. गव्हाने २०२२ मध्ये उलटा अनुभव दिला. फेब्रुवारीतला ११.१३ कोटी टनांचा अंदाज मार्चच्या उष्णतेने मे महिन्यात १०.६४ कोटींवर आणला आणि १३ मे रोजी निर्यात एकाएकी बंद झाली. फेब्रुवारीत मार्चचे तापमान कोणालाच ठाऊक नसते. ते ठाऊक नसल्याचे आकड्यात दिसायला मात्र हवे होते.

हे करता येते, याचा पुरावा घरातच आहे. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देतो तेव्हा अधिक-उणे पाच टक्के चूक संभवते, असे त्याच पत्रकात सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पीक अहवालात मागील वर्षांचे अंदाज अंतिम आकड्यापासून सरासरी किती दूर राहिले, त्याचा तक्ता छापलेला असतो. त्यामुळे त्या खात्याची पत घटलेली नाही. आपल्या अग्रिम अंदाजांनाही अशी मर्यादा जोडावी. ‘४३ लाख टन’ ऐवजी ‘३९ ते ४७ लाखांच्या दरम्यान’ असे कळले असते, तर आयातदार, दालमिल आणि शेतकरी तिघांनीही आपापले निर्णय जरा हात राखून घेतले असते.

दुसरी गरज जवळच्या आकड्याची. देशाचा एकूण अंदाज लातूरच्या शेतकऱ्याला तूर आता विकावी की दोन महिने ठेवावी, हे सांगत नाही. जिल्ह्याचा अंदाज मराठीत आणि काढणीपूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचला, तर सांगू शकतो. तिसरी गरज उघडेपणाची. प्रत्येक पीक कापणी प्रयोगाचे ठिकाण, छायाचित्र आणि वजन त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर कलाची चूक लपवणे अवघड होईल. मोबाइल ॲपवर हे सगळे नोंदवले जातेच. ते गावाला दिसले पाहिजे.

सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले आणि भुकेच्या मोजणीकडे वळले. गरिबाच्या आहारात प्रथिनांची उणीव दिसते ती बहुधा मुळात पोटभर अन्न नसल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे होते. शेतातला तुकडा आणि घरातले ताट या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. डाळ दोनशेवर गेली की गरिबाच्या ताटातले वरण पातळ होते. ती कोसळली की पिकवणाऱ्याच्या घरातले. अर्धा किलो तुरीचे वजन एवढे असेल, तर ती तोलताना हात स्थिर हवा आणि सांगताना किती चुकू शकतो, हेही सांगण्याची हिंमत हवी.